छातीवरचा हूक

टाकेमास्तर म्हणजे लष्करी शिंपी. कोट, पाटलोणी शिवताना माणूस कसा गुणगुणायचा! पण राष्ट्रीय सेनासन्मान वाटायचा दिवस आला की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. सन्मानाच्या तीन श्रेण्या. पहिलीचा रुंद पट्टा खांद्यावरून, दुसरीचं पदक गळ्यात, तिसरीचं छातीवर. छातीवर टाचणी टोचत बसायला राष्ट्रप्रमुखांना सवड कुठली? म्हणून मास्तरांनी कोटावर आधीच बारीक हूक शिवायचा. राष्ट्रप्रमुखांनी पदक अडकवायचं आणि हात सोडायचा.

"अहो, हूक निघाला तर देश बुडणार आहे का? चहा तरी घ्या," बायको म्हणायची.

"देश नाही गं, मी बुडतो!"

त्या वर्षी ऐन सकाळी निरोप आला : कप्तानाची श्रेणी वाढली, तिसरीची दुसरी झाली, त्याचा हूक काढा. खुंटीवर कप्तानाचा आणि हवालदाराचा कोट शेजारी शेजारी, दोन्ही एकाच मापाचे. मास्तरांनी घाईघाईत हूक उसवला.

सभागृहात रांग उभी राहिली आणि दाराआडून मास्तरांनी पाहिलं, तर हूक कप्तानाच्या छातीवर चमकतोय! हवालदाराची छाती कोरी. आता पदक खाली पडणार, खणकन, फरशीवर. आणि समोर हवालदाराची आई बसलेली.

राष्ट्रप्रमुख रांगेच्या टोकाला पोचलेसुद्धा. मास्तरांच्या गळपट्टीत ओवलेली सुई असायचीच, खिशात सकाळी उसवलेला हूकही होता. मास्तर वाकून धावले ते थेट हवालदारापुढे.

"मास्तर, हे काय?" हवालदार ओठ न हलवता पुटपुटला.

"हलू नकोस, बाबा. हूक!"

सुई कोटातून आरपार गेली.

"लागली का रे?"

"लागली. शिवा तुम्ही."

जेमतेम दोन टाके पडले. कात्री नव्हती, म्हणून मास्तरांनी छातीला तोंड लावून दोरा दातांनी तोडला. लोकांना वाटलं, बाप लेकाच्या गळ्यात पडून रडतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला! कप्तानाच्या गळ्यात पदक घालून राष्ट्रप्रमुख पुढे सरकले. त्याच्या रिकाम्या हुकाकडे कोण बघतो?

"मुलाचा अभिमान वाटतो ना?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. पदक अडकलं, हात सुटला. पदक जरा कललं, झुललं आणि राहिलं. मास्तर पदकाखाली ओंजळ धरून उभेच.

"मास्तर," हवालदार कुजबुजला, "आता श्वास घेऊ का?"

"घे. पण बेतानं."