पिवळी रेघ

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे — म्हणजे त्यातली खोटी अर्धी. आई गेली, तीही तेवढीच ऐकून गेली.

मग आता का? नीट सांगता येणार नाही. गेल्या आठवड्यात गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाल्याने चाक बसवलं, आणि मी नेहमीप्रमाणे खाली वाकून पाचही नट पान्याने पुन्हा आवळून पाहिले. मुलगी गाडीतूनच म्हणाली, "बाबा, तुमचा ना, बिल्कुल कुणावर ट्रस्टच नाही यार." मी हसलो. सवय चांगलीच आहे. फक्त मला ती एक दिवस उशिरा लागली.

मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून, माझी शाळा पहाडगंजची, मराठी. जिन्यावर हिंदी, आणि जे जिन्यापर्यंत जाऊ नये ते दार लावून मराठीत — बहिणीची स्थळं, शेजाऱ्यांची भांडणं, वडिलांची रखडलेली बढती. वडिलांचं एक ठाम होतं, शिकलेल्या माणसाचे हात काळे असू नयेत. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा घेतला तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढे गुडगावच्या एका वर्कशॉपमध्ये मी 'टेक्निकल हेड' झालो, तेव्हा मात्र त्यांनी अख्ख्या ब्लॉकमध्ये सांगितलं, "मेकॅनिक नाही हो — हेड." हे मी सबब म्हणून सांगत नाही. पुढे एक पांढरा शर्ट येणार आहे, तो कुठून आला ते कळावं, एवढ्यासाठी सांगतो.

वर्कशॉप मेहरासाहेबांचं. श्रीमंत माणूस, गाड्यांचा नाद. तिथे हेड मी होतो, पण काम येत होतं ते इर्शाद उस्तादांना. पानिपतचे. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. वडील हातमागावर बसायचे, हे इंजिनकडे आले. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. आवाजावरून सांगायचे, "शिर्के साब, तीसरा सिलिंडर नाराज़ है." आणि खरोखर तिसराच असायचा.

मग मेहरासाहेबांनी ती जर्मन गाडी आणली, ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर पळवायला. तुमच्या-माझ्या गाडीच्या चाकाला चार-पाच नट असतात. हिच्या चाकाला एकच. मधोमध, वाटीएवढा. सेंटर-लॉक म्हणतात. रेसमध्ये चाक झटकन बदलता यावं म्हणून केलेली सोय. पण तो एक नट आवळायचा म्हणजे माणसाएवढ्या लांब टॉर्क रेंचवर, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यावर, सगळं वजन टाकावं लागतं, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी सीटवर बसून ब्रेक दाबून धरावा लागतो. आट्यांना ग्रीस लावायचं, आवळायचं, थोडं सैल करायचं, परत आवळायचं. ठरलेल्या जोराला रेंच 'कट' असा आवाज करतो. आणि नटाच्या पोटात एक स्प्रिंगचं कुलूप असतं. नट पुरता बसला की ते पुढे येतं. आलं की नाही, हे वाकून, चाकापाशी तोंड नेऊन पाहावं लागतं.

हे सगळं आम्ही दोघं एकत्र शिकलो. मी मॅन्युअल वाचायचो, हिंदीत सांगायचो, उस्तादांचे हात ते करायचे. मी शब्द चुकलो तरी त्यांचे हात चुकत नसत. पण ते प्रत्येक वेळी विचारायचे, "किताब में यही लिखा है ना?" मी हो म्हटलं की संपलं. त्यानंतर शंका नाही.

रेघ मात्र पुस्तकात नव्हती. ती उस्तादांची. पानिपतला त्यांचे वडील कापडाचं थान नजरेखालून घातलं की कडेला एक पिवळा धागा ओवायचे. धागा दिसला म्हणजे ते थान परत उलगडायचं नाही. तसंच आम्ही ठरवलं. उस्ताद आवळणार. मग मी स्वतः रेंच लावून 'कट' ऐकणार, वाकून कुलूप पाहणार, आणि मगच नटापासून चाकापर्यंत पिवळ्या पेंटची एक रेघ ओढणार. ज्याने आवळलं त्याने रेघ ओढायची नाही. रेघ ओढली की त्या चाकाला कुणी हात लावायचा नाही. नियम एवढाच. तीन वर्षं आम्ही तो पाळला. म्हणजे — मी पाळला, असं उस्तादांना वाटत होतं.

खरं सांगू? शेवटी शेवटी मी चारांतली दोनच चाकं तपासायचो. उस्तादांनी आवळलंय ना — मग काय पाहायचं? बाकी दोन्हींवर नुसती रेघ. असंच चालू होतं, आणि काही होत नव्हतं.

त्या दिवशी मेहरासाहेबांनी पाहुणे बोलावले होते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाडीचं काम करायच्या जागेत, खुर्च्या, थंड कॉफी. आम्हा सगळ्यांना त्यांनी पांढरे शर्ट शिवून दिले होते. उस्तादांनी आपला घडी करून पिशवीत ठेवला — "काम के बाद पहनूँगा, फ़ोटो के टाइम." मी सकाळीच घातला. पाहुण्यांना मी इंग्रजीत गाडीची माहिती देत होतो. कुणीतरी मला 'चीफ' म्हणालं. मला ते आवडलं. का नाही आवडणार?

दुपारी गाडी ट्रॅकवर जाण्याआधी चाकं उतरवून परत चढवली. मेहरासाहेब हेल्मेट घालून सीटवर, ब्रेकवर पाय. उस्तादांनी पुढची दोन आवळली, मागचं उजवं आवळलं. मागच्या डाव्याला नट नुसता हाताने बसवला, तेवढ्यात गेटवरून बोलावणं आलं — आमचा पेट्रोलचा टेम्पो अडवला होता, आणि पास उस्तादांच्या नावाचा. जाता जाता ते मला काहीतरी ओरडून म्हणाले. मी पाहुण्यांत होतो. मी हात वर केला.

काय म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. हे खरं आहे. पण मी विचारलं नाही, हेही खरं आहे. ऐकू आलं नसताना माणूस हात वर का करतो?

मग मी पेंटचं पेन घेऊन निघालो. पुढची दोन, मागचं उजवं — एकाही चाकाला रेंच लावला नाही. मागच्या डाव्यापाशी आलो. रेंच तिथेच भिंतीला टेकवलेला होता, दांड्यावर काळं ग्रीस. कुलूप पाहायचं तर एक गुडघा जमिनीवर टेकायला हवा होता. मी तळहात नटावर ठेवला. घट्ट वाटला. तळहाताला सगळंच घट्ट वाटतं, हे मला माहीत नव्हतं का? मीच तर ते पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. शर्टाला डाग लागू नये म्हणून मी उभ्यानेच, हात लांब करून, रेघ ओढली. चांगली सरळ आली.

आता इथपर्यंतचं सगळं निष्काळजीपणात बसवता येईल. बरीच वर्षं मी ते तसंच बसवत आलो. पण उस्ताद परत आले. पळतच आले. मेहरासाहेबांनी इंजिन सुरू केलं होतं. उस्तादांची नजर मागच्या डाव्या चाकावर गेली, रेघ दिसली, आणि तरी ते माझ्याजवळ आले आणि इंजिनाच्या आवाजात कानाशी म्हणाले, "साब, पीछे का लेफ़्ट देख लिया ना?"

मला कळलं. त्याच क्षणी कळलं — ते चाक राहिलं होतं. हात वर करून गाडी थांबवायची होती, एवढंच. दोन मिनिटांचं काम. पाहुणे बघत होते. मी म्हणालो, "लाइन दिखाई नहीं देती क्या, उस्ताद?"

ट्रॅकच्या तिसऱ्या फेरीत चाक निघालं. पिटमधून आधी फक्त आवाज आला, मग धूळ दिसली, आणि धुळीतून ते एकटं चाक बाहेर आलं, गाडीच्या पुढे, बराच वेळ गवतावर धावत राहिलं. मेहरासाहेबांचा डावा पाय घोट्यापाशी चिरडला. जीव वाचला. आजही काठीने चालतात.

आठव्या दिवशी हॉस्पिटलात त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. चिडले नव्हते. म्हणाले, "बस इतना बता दो, हुआ क्या था?"

उस्ताद म्हणाले, "जनाब, वो पहिया बाक़ी था. मैं बोलकर गया था. लौटकर शिर्के साब से पूछा भी. इन्होंने कहा, हो गया."

मी म्हणालो — आवाज अगदी नेहमीचा होता, त्याचंच मला अजून नवल वाटतं — मी म्हणालो, "मुझसे किसी ने कुछ नहीं पूछा. मैंने चारों चेक करके लाइन लगाई थी. बाद में इन्होंने पीछे का लेफ़्ट खोला होगा, ब्रेक देखने को."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. नट चढवताना आटे सरळ लागले की तिरके, ते जसं बघायचे, तसं. मी नजर वळवली नाही. मग ते मेहरासाहेबांकडे वळले. "हो सकता है, जनाब. उस दिन पहिये कई बार उतरे-चढ़े. लाइन तो थी... तो मैंने ही खोला होगा."

मला वाचवायला ते असं म्हणाले, असं वाटून घेणं सोपं गेलं असतं. तसं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटलं. पुस्तक वाचणारा मी होतो, रेघ माझी होती. माझी रेघ आणि त्यांची आठवण जुळेना, तेव्हा त्यांनी आठवण टाकून दिली.

त्यांना काढलं. आमच्या धंद्यात अशी बातमी गुडगावहून ओखल्याला पोचायला संध्याकाळ लागत नाही. दोन-तीन ठिकाणी मला फोन आले — "इर्शाद को रखें?" मी म्हणालो, "आदमी अच्छा है. बस, अब ध्यान नहीं रहता." आणखी काही बोलायची गरजच पडली नाही. ते पानिपतला परत गेले.

चार वर्षांनी कामाने चंदीगडला जात होतो. पानिपत वाटेत. का थांबलो? बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. भाच्याच्या खेस-चादरींच्या, म्हणजे जाड सुती पांघरुणांच्या, दुकानात ते गाठोडी बांधत बसले होते. मला पाहून उठले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. चहा मागवला. गाडीचा विषय मी काढला नाही. त्यांनीच काढला.

"साब, आम गाड़ी में पाँच नट होते हैं. एक ढीला रह जाए तो चार संभाल लेते हैं. उसमें तो एक ही था." मग बराच वेळ गाठ मारत राहिले. "मैंने उसके बाद औज़ार नहीं उठाया. हाथ पर भरोसा नहीं रहा. कितना सोचता हूँ, याद ही नहीं आता कि मैंने वो पहिया कब खोला." आणि मान खाली घालून म्हणाले, "आपकी भी बदनामी हुई मेरी वजह से. माफ़ कर देना, साब."

मी काय केलं, ते लिहायलाच इतकी पानं घालवली. चाक, शर्ट, हॉस्पिटल — ते सगळं एकीकडे. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाने दो उस्ताद. मैंने तो कब का माफ़ कर दिया."

त्यांचे डोळे भरले. निघताना त्यांनी मला एक खेस दिला, आग्रहाने. निळा, काठाला पिवळा धागा. बायको दर थंडीत तो काढते, उन्हात टाकते, म्हणते, किती उबदार आहे नाही?

उस्ताद आहेत. पानिपतलाच आहेत. ईदला मी फोन करतो, ते माझ्या मुलीची चौकशी करतात. त्यांचा नंबर पाठ आहे मला. दिल्लीहून दोन तासांचा रस्ता.

आणि हे मी मराठीत लिहितो आहे. उस्तादांना मराठी येत नाही.