खालचा प

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसले. शिक्षकखोलीतल्या सिंकखालून दोन पाय बाहेर आले होते आणि आतून नाताळचं गाणं ऐकू येत होतं. महिना जुलै.

मी वाकून विचारलं, "काय चाललंय?"

गाणं थांबलं. "सांधा सुकतोय, बाई. पंधरा मिनिटं नुसतं पडून काय करायचं?"

"पण जुलैत नाताळ?"

"आत्तापासून घासलं तर डिसेंबरात चार गाणी धड येतात."

मग ते सरकत बाहेर आले. हातात पत्र्याची सहा भोकांची शिट्टी, दीड वीत लांब. बोटं मात्र पाना धरून धरून जाड झालेली. त्या बोटांखालून इतका बारीक सूर निघतो हे मला समोर पाहूनही खरं वाटेना.

शाळेची आणि आसपासच्या तीन रस्त्यांची नळदुरुस्ती त्यांच्याकडे होती. मुलांनी त्यांचं नाव गळतीकाका ठेवलं होतं आणि ते त्या नावाला ओ देत. उमेदवारीच्या दिवसांत एका चर्चच्या तळघरात त्यांनी महिनाभर पाइप बदलले. वर गाण्याची तालीम चालायची. गाणी तिथेच कानावर पडून पाठ झाली, आणि शिट्टी त्यांनी पुढे स्टेशनरीच्या दुकानातून घेतली. शिकवायला कोणी नव्हतं.

त्या वर्षी मी त्यांना मुलांबरोबर वाजवायला बोलावलं. मला स्वतःला सुरातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून कोणीतरी हवंच होतं. पहिल्या वर्षी नऊ मुलं आली, त्यातली तीन माझ्या धाकाने. पुढे चाळीस झाली. नाताळच्या आधीचे तीन दिवस आम्ही शाळेजवळच्या घरांतून गात फिरायचो. काकांनी कधी कुठल्या मुलाला "तू बेसूर आहेस" म्हटलं नाही. एखाद्याचा आवाज घसरला की ते म्हणायचे, "तुझा वायसर गेलाय बाळा, जरा पाणी पिऊन ये." मूल हसत पाणी पिऊन यायचं आणि खरंच बरं गायचं. मी इतकी वर्षं लाल शाईने चुका दाखवत आले होते. ती एक गोष्ट मी त्यांच्याकडून शिकले.

अशी अकरा वर्षं गेली. बाराव्या वर्षी शाळेत संगीताच्या नव्या बाई आल्या. तरुण, हुशार आणि कानाच्या फार पक्क्या. पहिल्याच तालमीत मेंढपाळांचं गाणं ऐकून त्या म्हणाल्या, "काका, इथे चाल खालच्या प वर जाते. तुम्ही वरचा प घेताय."

"या शिट्टीत खालचा प नाहीच, बाई. हिची शिडी सा लाच संपते. म्हणून मी वर उडी मारतो."

"मग दुसऱ्या पट्टीत वाजवा."

"तिथवर मुलांचे आवाज पोचत नाहीत."

बाईंनी क्षणभर विचार केला. "मग यंदा मी की-बोर्डवरच साथ करते. चुकीची चाल कशी शिकवायची?"

काका "बरं" म्हणाले, शिट्टी पिशवीत टाकली आणि गेले.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. "या बाई. पाइप पाण्यासाठी असतात हे आमच्याकडे विसरलेत. घरातला नळ पंधरा दिवस ठिबकतोय आणि इथे चांगल्या पाइपांना भोकं पाडणं चाललंय!"

"मध्ये बोलू नकोस गं. भोक एकदा मोठं झालं की परत लहान होत नाही."

"मी कुठे बोलतेय? मी तर बादली बदलतेय."

टेबलावर करड्या प्लास्टिकच्या पाइपचे हातभर लांबीचे तीन तुकडे वाया जाऊन पडले होते. चौथ्याच्या तोंडाशी लाकडाची गुल्ली बसवून काका कानस घासत होते. घासायचं, फुंकायचं, परत घासायचं. "पाइप लांब केला की सूर खाली उतरतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, मी कुणाच्याही दारात जातो तेव्हा त्यांचं काहीतरी बिघडलेलं असतं. सगळे वैतागलेले. त्या तीन दिवसांतच असं होतं, की मला बघून लोक हसत दार उघडतात. ते सोडवत नाही हो."

मंगळवारी ते तालमीला पाइप घेऊन आले. संगीताच्या बाईंनी आधी एकट्याचं ऐकलं. खालचा प बरोबर लागला. बाईंचा चेहरा खुलला. मग मुलांना बोलावलं.

त्या जागी काका खाली गेले आणि चाळीस मुलं एकसाथ वर.

"खाली, मुलांनो, खाली!" बाईंनी हात खाली नेला. मुलांच्या हनुवट्या वर. चार वेळा तेच. त्यांच्या ताया-दादांनी घरी तसंच गायलं होतं, बिचारी करणार काय! धाकट्या बहिणीला न्यायला आलेली एक ताई दारात उभी राहून गुणगुणत होती, तीही वर गेली. ती आमच्या पहिल्या नवांतली.

काका कानापर्यंत लाल झाले. "हे माझंच पाप, बाई. अकरा वर्षं मीच यांना वर चढवलंय. तुम्ही शिकवा, मी निघतो." ते पाइप पिशवीत घालू लागले.

"थांबा काका," बाई म्हणाल्या. त्यांचं काहीतरी ठरत होतं. "तुम्ही खालीच वाजवा. मुलांनो, तुम्ही तुमचं गा. कोणी कोणाचं ऐकू नका."

परत गाणं झालं. काका खाली, मुलं वर. माझ्यासारखीलाही कळलं, की त्या जागी सगळी खोली भरून आली.

बाई हसायला लागल्या. "अहो, दोन्ही 'प'च की! एक खालचा, एक वरचा. भांडण कुठाय? माझ्याच लक्षात आलं नाही."

"म्हणजे दोन मजल्यांना एकच लाइन!" काका म्हणाले, आणि घाम पुसून परत वाजवायला बसले.

त्या वर्षी प्रत्येक घरात ते गाणं दोनदा म्हणायला लावलं गेलं. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. निरोपसमारंभातली भाषणं मी विसरले, पण ती तालीम मला मिळाली याबद्दल मी आजही मनात त्या दोघांचे आभार मानते.

काका आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे नळांची कामं सोडली आहेत. नोव्हेंबर लागला की दर मंगळवारी दुपारी तीन वाजता ते शाळेत तालमीला जातात.