टॅपेटचं विसर्जन

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण हा किस्सा आठवला की मला स्वतःला अजून नीट हसू येत नाही.

आमची जीप तुम्ही पाहिली आहे ना? अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. कर्जतला आमचं बियाण्याचं दुकान होतं तेव्हा अण्णा त्या जीपमधून डोंगरातल्या वाड्यांवर बियाणं पोचवायचे. दुकान बंद झालं, अण्णा थकले, पण दसऱ्याचा नेम काही मोडला नाही. कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकरवाडीत गोमाकाकांना सोनं द्यायला जायचं म्हणजे जायचं. दोघांची दोस्ती माझ्या जन्माआधीची. वाडीत फोनला रेंज नाही, म्हणून चढाखाली पोचलं की अण्णा लांबलचक हॉर्न द्यायचे आणि काका आपट्याची डहाळी हलवत खाली यायचे. वर्षातून एकदा दोन म्हातारे भेटायचे, तेवढंच.

आणि यंदा ऐन पितृपक्षात जीप खोकायला लागली!

आमचे मेकॅनिक शंकरशेठ. त्यांनी इंजिन उघडलं, तर कॅमशाफ्ट गेलेला. म्हणजे इंजिनाच्या झडपांना वेळच्या वेळी उठबस करायला लावणारा दांडा. तो बदलायचा हे नक्की. पण त्याच्यासोबत आणखी काय काय बदलायचं? यावर आमच्याकडे लग्नातल्या मानपानासारखी बोलणी झाली. अण्णा म्हणाले, बाकी कशाला हात लावायचा नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून पंडित झालेलो, म्हटलं, सगळंच नवं टाका. मला विचारलं होतं का कुणी? नव्हतं.

शेवटी शंकरशेठनी निकाल दिला. झडपांच्या स्प्रिंगा थकल्यात, त्या नव्या. रॉकर आणि पुशरॉड, म्हणजे झडपा हलवणारे बाकीचे भाग, धडधाकट आहेत, ते राहू द्या. टॅपेट मात्र नवेच. टॅपेट म्हणजे त्या दांड्यावर टेकून झडपेपर्यंत धक्का पोचवणारे बोटभर लोखंडी ठोकळे. जुने टॅपेट जुन्या कॅमवर घासून त्याच्याच मापाचे झालेले असतात, म्हणाले. एकाच्या पायात घडलेली चप्पल दुसऱ्याला चावते, तसे हे नव्या कॅमला खातील.

अण्णांनी मान्य केलं, पण अट घातली. "जन्मभर राबलेत बिचारे. जुने टॅपेट भंगारात घालायचे नाहीत."

त्यांची व्यवस्था मी करतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं. इथेच कुणीतरी माझं तोंड दाबायला हवं होतं.

सामान आलं ते अष्टमीला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी शंकरशेठची हत्यारं पूजेत बसतात, कामाला हात नाही. दसऱ्याला सकाळी हत्यारं उचलून आधी तुमचीच गाडी, दुपारपर्यंत चालू, हा त्यांचा शब्द. मी म्हटलं, गाडीचं पोट उघडं, तिची पूजा कशी करायची? त्यापेक्षा सुटे भाग घरी नेतो. जुने टॅपेट पिशवीत, नवे तेलकट कागदात गुंडाळलेले. दोन्ही घेऊन आलो. नवे मी उघडूनसुद्धा बघितले नाहीत.

घरी आल्यावर बायकोला, मीनाला, सांगितलं की हे सगळं पूजेला आहे, चांगलं घासून ठेव. आणि झेंडू आणायला बाजारात गेलो. परत येऊन बघतो तर परातीत निम्मे टॅपेट चांदीसारखे लखलखीत आणि निम्मे काळपट. कुठले नवे, कुठले जुने, हे काय विचारायचं? डोळे आहेत की मला! साग्रसंगीत पूजा केली, हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याला सकाळी ते काळे टॅपेट निर्माल्याबरोबर घेऊन उल्हास नदीवर गेलो. राबलेल्या माणसाला निरोप द्यावा तसा एकेकाला नमस्कार करून डोहात सोडला.

मग अण्णांना रिक्षात घालून गॅरेजवर नेलं. अण्णांनी नवा सदरा घातला होता, खिशात सोनं होतं. शंकरशेठपुढे मी लखलखीत टॅपेट ठेवले. त्यांनी उचलायच्या आत अण्णांनी त्यातला एक घेतला आणि त्याच्या बुडावर अंगठा फिरवला.

"हा माझाच आहे," अण्णा म्हणाले.

शंकरशेठनी सगळे उलटून बघितले. सगळेच झिजलेले. मी मीनाला फोन लावला. ती म्हणाली, जे मळलेले होते तेच घासले मी, चिंच आणि रांगोळी लावून. काळे तर कोरे होते, त्यांना काय घासायचं? नवे टॅपेट काळ्या लेपासकट येतात, हे व्हिडिओतल्या त्या शहाण्याने मला सांगितलं नव्हतं.

शंकरशेठनी विचारलं, मग ते काळे कुठायत? मी नदीकडे हात केला.

मग खालापूरपर्यंत धावलो. दसऱ्याचा दिवस, शटरला हार घालून दुकानं बंद. उघडं होतं तिथे या जीपचे टॅपेट नाहीत, मुंबईहून मागवावे लागतील म्हणाले. आणि वाडीच्या त्या वाटेवर यायला भाड्याची गाडीही तयार होईना. घरी आलो तर अण्णा नव्या सदऱ्यातच बसलेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो.

दिवेलागणीला दारात काठी वाजली. बघतो तर गोमाकाका! अख्खा डोंगर उतरून, कोंडाण्यातून कुणाच्या तरी टेंपोत बसून आलेले. गुडघे सुजून हे एवढे. अण्णांकडे बघत उंबऱ्यातच टेकले.

"हारन वाजला नाय," ते म्हणाले. "म्हनलं, आण्णा गेला."

त्या म्हाताऱ्याने कुठल्या जिवाने तो उतार उतरला असेल? अण्णांनी त्यांच्या हातावर सोनं ठेवलं आणि दोघेही रडले. मी आत जाऊन उगाचच पाणी प्यायलो.

त्या पायांनी वर चढणं शक्य नव्हतं. वाडीवर निरोप धाडला आणि टॅपेट येईपर्यंत काका आमच्याकडेच राहिले. सूज उतरली, पण उजवा गुडघा काही सुधारला नाही. चढाखाली डहाळी घेऊन येणं आता त्यांना जमायचं नाही. हे माझ्या एका विसर्जनामुळे झालं, आणि ते कशानेही भरून येणार नाही.

टॅपेट आले, जीप चालू झाली. काकांना पोचवायला निघालो. ते मागे पाय लांब करून बसले, अण्णा पुढे. शंकरशेठ बोनेट लावत म्हणाले, बदलायचं ते सगळं बदललं, आता काही राहिलं नाही.

अण्णांनी स्टिअरिंगवर बसलेल्या माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"एक राहिलंय," ते म्हणाले. "पण त्याचा पार्ट मिळत नाही."

मागून गोमाकाका म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं आण्णा. चालतंय तवर चालवायचं."