हर बोला म्हटल्यावर

पोळ्याला वेशीत तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार-सहा ओळींचं कवन, ज्याला सुचेल त्यानं खड्या आवाजात म्हणायचं. त्यात कुणाची टिंगल, कुणाचं गाऱ्हाणं, कधी सरकारला शिव्यासुद्धा. शेवटी म्हणणारा 'हर बोला' अशी हाळी देतो आणि सगळ्या गावानं 'हर हर महादेव' म्हणायचं असतं. झडती आवडो न आवडो, वैऱ्यानं म्हटलेली असो, उत्तर द्यायचंच. तो मान म्हणणाऱ्याचा नसतो, बैलाचा असतो.

माझे घरधनी झडत्या रचायचे. वालूरच्या बाजारात लोक त्यांना अडवून "होऊ द्या एखादी" म्हणायचे. निजामाचं राज्य गेलं आणि पेटी-ढोलकी घेऊन पार्ट्यांची कलापथकं गावोगाव फिरू लागली. त्यातले काही जण आमच्या ओसरीवर येऊन बसले, आमच्यासोबत चला म्हणाले. घरधन्यांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "तुमी सांगताल ते मला म्हनता येनार न्हाई. मी माझ्या बैलामागं उभा राहून म्हनतो, तेच बरं हाय." मला ते उत्तर आवडलं होतं. आजही आवडतं.

आमचं रान मालकाचं, पण सासऱ्यांच्या आधीपासून ते आमच्याच घरानं कसलेलं. कसणाऱ्याला आता रानातून काढता येणार नाही असा नवा कायदा आला, आणि त्याच वर्षी मालकानं एकेकाला काढायला सुरुवात केली. कुणाला गोड बोलून, कुणाला दम देऊन. हाच मालक आधी निजामाच्या अंमलदारांना मेजवान्या द्यायचा. आता पांढरी टोपी घालून हार घेत हिंडायचा. श्रावणात त्याचा माणूस आमच्या दारात आला. म्हणाला, "पोळा झाला की रान सोडा. मालकाचा निरोप हाय."

दुसऱ्या कुणी पाय धरले असते. घरधनी झडती रचायला बसले. खांदेमळणीच्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळता चोळता पहिल्या ओळी जमल्या आणि पुढं गाडं अडलं. मी उंबऱ्याशी पुरणाची डाळ निवडत होते. तिथूनच दोन ओळी सांगितल्या. ते माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "आता हे म्हनल्यावर आपलं काही खरं न्हाई."

संध्याकाळी माझा चुलत दीर आला. त्याचं रान आमच्या बांधाला लागून. दर पेरणीला त्याचे बैल आमच्याकडं, आमचे त्याच्याकडं, अशी आमची सावड होती. "दादा," तो म्हणाला, "औंदा देवाचं काहीतरी म्हना. मालकाला वास लागलाय."

"मग नाक धरून उभं राहा म्हनावं," घरधनी म्हणाले. दीर हसला नाही. पाणीही न पिता गेला.

पोळ्याला आम्ही बाया वेशीजवळच्या घराच्या माळवदावर उभ्या होतो. खाली वेशीत हिंगूळ लावलेली शिंगं, झुली, बाशिंगं. मालकाचे मानाचे बैल सगळ्यांत पुढं आणि मालक त्यांच्या शेजारी. दोन-चार जणांच्या झडत्या झाल्या, गावानं दणक्यात उत्तरं दिली. मग आमच्या घरधन्यांनी बैलाच्या वशिंडावर हात ठेवला आणि सुरू केलं:

"नांगर माजा, बैल माजे, माज्या हाती कासरा;
मालक म्हनतो रान माजं, तू रं कोन दुसरा?
चल मालका, रानात चल, बैलालाच इचारू,
ज्याच्या हाकंला वळतील, त्याचंच रान ठरवू!
हर बोला!"

कुणीच बोललं नाही.

घुंगरमाळा तेवढ्या वाजत होत्या. माणसं आपापल्या बैलांच्या पायांकडं बघत होती. माझा दीर झुलीची गाठ सोडून पुन्हा बांधत होता. झडतीला उत्तर नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या शेजारची बाई हळूच सरकून दूर उभी राहिली.

मग मालकच म्हणाला, "हर हर महादेव." एकटाच. आवाज मऊ, तोंडावर हसू. तो चालत आमच्या बैलांपाशी आला, एकाच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "लय गुनी जित्राब हाय. जपा."

घरी आल्यावर मी बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मला भीती वाटत होती आणि आपण भितोय याचाच संताप येत होता.

पुढं बरेच दिवस काही झालं नाही. मालकाचा माणूस फिरकला नाही. विहिरीवर मी गेले की बाया चटकन बाजूला होऊन जागा करून द्यायच्या, आणि मी पाणी शेंदेपर्यंत कुणी तोंड उघडत नसे. विस्तव मागायलाही कुणी येईना. घरधनी म्हणायचे, "विसरला असंल." मला ते पाठीवरचं थोपटणं दिसायचं. मी रोज बैलांपुढचा कडबा हातानं चाळून मगच टाकत होते.

भाद्रपद सरता सरता आमचा एक बैल बांधावर चरून लडखडत घरी आला. तोंडाला फेस, पोट फुगलेलं. जनावरांचं बघणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं बैलाचा जबडा उघडून पाहिलं, हात धुतले आणि मान खाली घालून निघून गेला. दिवस मावळायच्या आत बैल गेला. तोच, ज्याला मालकानं थोपटलं होतं.

आमचं रान रब्बीचं. पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून ठेवायचं आणि हस्ताच्या पावसानंतर ज्वारी पेरायची. पाऊस झाला, वाफसा आला, म्हणजे ओल पेरणीजोगी झाली, आणि आमच्याकडं एकच बैल. मी दिराकडं गेले. तो दारातच म्हणाला, "वैनी, माझे बैल लंगडायलेत." मागं गोठ्यात त्याचे बैल धडधाकट उभे होते, त्यानंही पाहिलं की मी पाहिलं. मग घरोघर फिरले. कुणाचा बैल लंगडा, कुणाचा पाहुण्याकडं, कुणाची पेरायची तिफण मोडलेली.

वाफसा निघून चालला तेव्हा एके सकाळी मालकाच्या तिफणी आमच्या रानात शिरल्या. सोबत काठ्या घेतलेली माणसं. घरधनी धावत गेले आणि बांधावर उभे राहून परत आले. दुपारपर्यंत रान पेरून झालं होतं.

थंडीत गिरदावर पाहणीला आला. कोण काय कसतं ते बघून लिहून घेणं हे त्याचं काम. गाव बांधावर जमलं. ज्वारी वीतभर वर आली होती. गिरदावरानं विचारलं, "हे रान कोण कसतं?" घरधनी म्हणाले, "मी, साहेब. बाप-आज्यापासून." गिरदावर गावाकडं वळला, "खरं आहे का?"

पुन्हा तेच. सगळ्यांचे डोळे पायांकडं. माझा दीर माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता. मी त्याला म्हटलं, "बोला की!" त्यानं ऐकलंच नाही असं केलं.

तेव्हा मालक हसत म्हणाला, "साहेब, बैलालाच इचारा. ह्याचंच म्हननं हाय तसं. काय रे, कुठं हायेत तुझे बैल?"

रान गेलं. उरलेला बैल आम्ही विकला. दोन ओळी माझ्या आहेत हे गावाला कळलं होतंच; लोक मला मागाहून म्हणाले, बाई, तुझ्याच ओळींनी घात केला. मला तसं कधीच वाटलं नाही. ओळी खऱ्या होत्या. घात त्यांनी केला, जे त्या ऐकून गप्प बसले.

पुढच्या पोळ्याला मी मातीचे बैल केले. ज्याच्या दावणीला बैल नाही त्यानं घरात मातीचे पुजायचे, वेशीत जायचं नाही. मालक तोवर परभणीला राहायला गेला होता; पोळ्यालाही आला नाही. आम्ही दोघं पाटासमोर बसलो होतो आणि वेशीतून आवाज आला: "नांगर माजा, बैल माजे..." दिराचा आवाज मी लगेच ओळखला. एक शब्द चुकला नाही. माझ्या दोन ओळी तर त्यानं दोनदा म्हटल्या. 'हर बोला' झालं आणि सगळं गाव असं ओरडलं की माळवदांवरची पाखरं उडाली.

घरधन्यांचेही ओठ हलले. "हर हर महादेव," ते पुटपुटले. मी त्यांच्याकडं रागानं पाहिलं.

"बैलाचा मान हाय," ते म्हणाले. "म्हनावं लागतं."

एवढा आवाज होता गावाकडं, तर आमच्या वेळी कुठं ठेवला होता? मी 'हर हर महादेव' म्हटलं नाही. नंतर गावात किती पोळे झाले, ती झडती अजूनही म्हणतात. मी माळवदावर उभी राहते, आणि त्या झडतीला तोंड उघडत नाही.