शिरोरेघेखालची वाटी

गडहिंग्लजच्या स्टँडवर एसटी लागली आणि अप्पांनी माझ्या बॅगेत स्वतः छापलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा कोंबला. "दुबईच्या साहेबांना दाखव. वडिलांचा प्रेस आहे म्हणावं." पत्रिकेवर गणपती, केळीचे खुंट, सनई, मोर, सगळं. अप्पांचा नियमच होता, "जागा मोकळी सोडायची नाही. गिऱ्हाईकाला वाटतं, कामचुकारपणा केला."

आमचा डिझाइन स्टुडिओ दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका जुन्या गोदामात. बॉस मार्था, सत्तरीची अमेरिकन बाई, न्यूयॉर्कच्या नामांकित डिझायनरांच्या हाताखाली शिकलेली. त्यांचे लोगो तिनं भिंतीवर लावले होते. नुसता एक डोळा, आडव्या पट्ट्यांची अक्षरं, एक अष्टकोन. आई-अप्पांच्या लग्नाआधीचे, पण आजही तस्सेच चाललेले! मी काहीही नेलं की ती विचारायची, "यातलं काय काढलं तरी चालेल?" आधी रडू यायचं. मग मजा यायला लागली.

गेल्या हिवाळ्यात अप्पा पहिल्यांदा दुबईला आले, नेमका तेव्हाच माझा पहिला स्वतंत्र प्रोजेक्ट चालू होता. बर दुबई भागात खाडीकाठी परबकाकांचं मराठी हॉटेल उघडत होतं, नाव 'वाटी'. काकांना लोगोत मोदक, बुर्ज, होडी आणि स्वतःच्या मिश्या हव्या होत्या. मी काढलं एवढंच: वर आडवी रेघ, आपल्या अक्षरांवर असते तशी, आणि तिला टेकून खाली अर्धवर्तुळ.

"बस? खलास?" काका म्हणाले.

अप्पा तर त्यांच्याच बाजूचे. "अगं, निदान एक मोर तरी टाक!"

मी मार्थाला फोन लावला. "क्लायंट तुझा, तूच पटव," म्हणाली आणि ठेवून दिला. हे काम हातचं गेलं, तर पुन्हा एकटीला काही मिळणार नव्हतं. मी म्हटलं, "काका, पाटी लावून तर बघू. नाही आवडली तर मोर काढते, मिश्यांसकट."

पाटी लागली त्या संध्याकाळी आम्ही तिघं अब्रात, म्हणजे इथल्या लाकडी होडीत बसून खाडीपलीकडे निघालो. होडी लांब जाईल तशा काठावरच्या पाट्या एकमेकींत मिसळत गेल्या. नावं दिसेनात, फोटो कळेनात. आमची वाटी मात्र पलीकडच्या धक्क्यावरूनही ठळक. अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मालक, मोर राहू दे," ते म्हणाले.

"मिश्याही राहू देत, हबीबी!" काका इतके खदखदून हसले की होडीवालाही हसायला लागला.

अप्पांच्या पत्रिकांवर मोर अजून नाचतात. "ते गिऱ्हाईक वेगळं," म्हणतात. परवा त्यांचा फोन आला. मी जेवले का, हेसुद्धा न विचारता म्हणाले, "आपल्याकडे गर्दी आहे का गं?"

मला वाटलं, प्रेसबद्दलच काहीतरी सांगतायत. 'आपल्याकडे' म्हणजे गडहिंग्लज, हेच लहानपणापासून ऐकलेलं. मग लक्षात आलं, ते हॉटेलबद्दल विचारत होते.

"बाहेरपर्यंत रांग आहे, अप्पा," मी म्हटलं. "आपल्याकडे."