साडेचार शेर लाल तेल

महाडात चाळीस वर्षं मी कंपाउंडरी केली. औंसाच्या काचेच्या मापाला डोळा लावायचा आणि थेंब इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. माझं माप चुकलं म्हणून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी छाती काढून सांगत असे. तो माणूस जन्माला येऊन बरीच वर्षं झाली होती आणि दवाखान्याच्या मागच्या स्वयंपाकघरात सोलकढी करत होता. आमच्या डॉक्टरांची बायको, गोदावरीवहिनी.

वहिनी पुण्याच्या, मॅट्रिक झालेल्या. अंगाने ठेंगण्या, आवाज बारीक, पण एकदा पदर खोचला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्याबरोबर आतल्या मिठाचा कमीजास्तपणा त्यांना नाकाने कळायचा. आणि मी महिपती, उमरठच्या शेतकऱ्याचा मुलगा, व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेला. रागावलो की माझ्या तोंडात गावची भाषा येते. त्रेसष्ट सालच्या त्या थंडीत मी सारखाच रागावलेला असे.

कारण आमची गाडी बसली होती.

आमच्या शरद डॉक्टरांचा डावा पाय लहानपणीच्या तापात गेलेला. काखेत कुबडी. साध्या मोटारीला क्लच दाबायला डावा पाय लागतो, तो यांच्याकडे नाही. मग महाबळेश्वरला बंगला असलेल्या मुंबईच्या एका शेटजींनी आपली जुनी अमेरिकन गाडी त्यांना दिली. तिला क्लचच नव्हता! गिअर आपले आपण पडायचे, उजव्या पायाने दाबायचं नि सोडायचं, बस. पहिल्यांदा डॉक्टर स्वतः गाडी हाकत पोलादपुरात शिरले तेव्हा बाजारातली रंगूबाई ओरडली होती, "अगो बाय, डाक्टरांना पाय फुटलं!"

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही पोलादपूरला बसायचो. डोंगरातली माणसं उतरून यायची, आणि ज्यांना उतरता येत नसे त्यांच्याकडे आम्ही चढायचो, आंबेनळी घाटातल्या वाड्यांवर. त्या वाटेवर दुसरा डॉक्टर नव्हता.

आणि त्याच घाटात, दिवाळीनंतरच्या गुरुवारी, तिसऱ्या वळणावर इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. उलट मागे यायला लागली. मी उडी टाकून चाकाखाली धोंडा लावला म्हणून वाचलो. उतारावरून कसेबसे खाली आलो आणि सपाटीवर रडतखडत महाड गाठलं.

ट्रकची कामं करणारा एक मिस्त्री आला. गाडीखाली वाकून बघून म्हणाला, "हिला किलच नाय. मी हात लावनार नाय. भंगारात काढा." मुंबईच्या एका वर्कशॉपला लिहिलं, तर उत्तर आलं, गाडी इकडे पोचवा, सहा महिने लागतील. मग एक पत्र पुण्याहून आलं, डॉक्टरांच्या थोरल्या भावाचं, अवधूतदादांचं. "गाडी येण्याआधी एसटीच्या पायरीवरून पडलास तेव्हाच सांगत होतो. आता गाडीही गेली. एका पायावर डोंगर चढणं पुरे झालं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ट्रक घेऊन येतो. इथे तुझ्यासाठी जागा बघितली आहे."

डॉक्टर हो म्हणाले. माणूस हरला की त्याचा आवाज किती मऊ होतो, ते मी त्या दिवशी ऐकलं.

वहिनी पत्र घडी घालून उठल्या आणि सरळ गाडीकडे गेल्या. बॉनेट उघडायला लावलं. गिअरच्या पेटीतलं तेल बघायची एक लांब सळई असते, ती उपसून त्यांनी नाकाशी धरली.

"महिपती, वास घ्या."

"मी कशाला घेऊ?"

"घ्या म्हणते ना."

घेतला. करपलेला वास, आणि रंग काळपट.

"गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय, हे तेल लाल असतं. आपल्या कोकमाच्या आगळासारखं," वहिनी म्हणाल्या. "आणि ठरावीक मैल झाले की बदलायचं असतं. शेटजींच्या ड्रायव्हरने इंजिनचं तेल बदललं असेल, या पेटीत वेगळं तेल असतं हे त्याच्या गावीही नसेल."

"वहिनी, मिस्त्री म्हणाला भंगार."

"चकल्या तळून तळून तेल काळं झालं, तर तुमची बायको कढई मोडीत काढते का?"

कपाळ! मी मनात म्हटलं, ही बाई आता वेडी व्हायची राहिलीय.

उमरठचा चांगू मुंबईला गोदीत होता. त्याच्या आईचा दमा डॉक्टरांनीच सांभाळलेला. वहिनींनी त्याला तेलाचं नाव इंग्रजीत लिहून पाठवलं. चांगू आठ दिवसांत एसटीच्या टपावरून दहा डबे घेऊन हजर. "वहिनी, एकदम अमेरिकन माल हाय. धा ठिकानी फिरलो, तवा मिलाला."

शनिवारी डॉक्टरांनी मला दवाखान्याची पाटी काढायला सांगितलं. म्हणाले, "काढून ठेवा महिपती, उद्या ट्रक यायचाय." मी स्टुलावर चढलो, चार स्क्रू काढले, खिशात टाकले आणि पाटी उतरवली. खोटं कशाला सांगू, स्टुलावरच मला रडू आलं. तेरा वर्षं रोज सकाळी मी ती पाटी पुसत होतो.

रविवारी सकाळी वहिनींनी घरासमोरच्या कोरड्या गटारावर दोन जाड फळ्या टाकल्या, डॉक्टरांना गाडी त्यांवर घ्यायला लावली आणि इंजिन चालू ठेवून तेल तापवून घेतलं. मग इंजिन बंद केलं, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि पाना घेऊन बाई गाडीखाली! आळीतली सगळी माणसं ओट्यावर आली. शेजारची चंद्रभागाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना झालंय तरी काय?"

"तेल बदलतेय," गटारातून आवाज आला. "तुमच्याकडची मोठी परात द्या बघू."

मला लाज वाटली. मीही गटारात उतरलो.

खालचा बूच काढल्याबरोबर काळं तेल भळभळा परातीत पडलं. ते थांबलं तेव्हा वहिनींनी तांदूळ मोजायचा पितळी शेर आणला आणि एकेक शेर ओतत मोजलं. साडेचार शेर. नव्या तेलाचा एक डबा शेरात ओतून पाहिला, तो बरोबर शेरभर भरला.

"म्हणजे साडेचार डबे घालायचे," वहिनी म्हणाल्या.

"पुस्तकात नऊ आहेत," मी म्हणालो. पुस्तकातला आकडा मीही पाहिला होता. "बाकीचं जळलं असणार. म्हणून तर गाडी बसली."

"पुस्तकातलं माप अगदी कोरड्या पेटीचं असेल. ही कोरडी आहे का? आतल्या पोटात राहिलेलं आपल्याला दिसत नाही. जेवढं काढलं तेवढंच घालायचं."

"वहिनी, मापातलं मला नगा शिकवू!"

तेवढ्यात ट्रक आला. अवधूतदादा उतरले, गटारातून वर येणाऱ्या भावजयीकडे पाहून त्यांचा चेहराच पडला. वहिनी हात धुऊन त्यांच्या जेवणाचं बघायला आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "महिपती, साडेचार. माझ्या परत येण्याआधी गाडी चालू करायची नाही."

मी नऊ घातले. नऊच्या नऊ! कंपाउंडर आहे, छापील मापाबाहेर जाणार नाही, हा तोरा. आणि वर डॉक्टरांना म्हटलं, "करा चालू."

मिनिटभर बरं चाललं. मग सळईच्या नळीतून लाल फेस उसळला. इंजिनच्या तापलेल्या अंगावर पडून त्याचा धूर झाला. चंद्रभागाबाई "आग! आग!" म्हणून ओरडली आणि आळी पांगली. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं आणि कपाळाला हात लावला. दादा म्हणाले, "झालं समाधान? शरद, चल आता." ट्रकवर सामान चढायला लागलं. पहिल्यांदा चढली ती आमची पाटी.

वहिनी बाहेर आल्या. रिकामे नऊ डबे पाहिले. मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. माझ्यापायी डॉक्टरांचा गाव सुटत होता, आणि पोलादपूरचा गुरुवारही.

"मी चुकलो वहिनी," मी म्हणालो. "माझीच अक्कल शेण खायला गेली."

त्या चिडल्या होत्या, दिसत होतं. पण एवढंच म्हणाल्या, "शेण खाऊन झालं असेल तर गटारात उतरा. चंद्रभागाबाई, आणखी दोन पराती. धुतलेल्या हव्यात."

पुन्हा बूच काढला. फेसाळलेलं तेल परातींत घेतलं आणि तासभर निवू दिलं. फेस बसला. दादा तीनदा येऊन घड्याळ दाखवून गेले, वहिनींनी तिन्ही वेळा त्यांना ताक दिलं. मग डॉक्टरांचं जुनं मलमलचं धोतर चौपदरी करून त्यातून सगळं तेल गाळलं. थोडं गढुळलं होतं, पण लालच.

"एका अर्थी बरंच झालं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या नऊ डब्यांनी आतलं पोट खळखळून धुऊन निघालं. आता मोजा. तुम्हीच मोजा."

मी मोजलं. गाळलेल्यातलं साडेतीन शेर, वर उरलेला एक डबा नवा कोरा. साडेचार. एक थेंब सांडू दिला नाही.

डॉक्टरांनी इंजिन चालू केलं. वहिनींनी गिअरची दांडी एकेका खुणेवर नेऊन परत आणायला लावली आणि इंजिन चालू असतानाच सळई उपसली. तशीच बघायची असते, तेही पुस्तकातच होतं, मी नीट वाचलं नव्हतं. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं.

"भाऊजी," वहिनी दादांना म्हणाल्या, "आंबेनळीच्या तिसऱ्या वळणापर्यंत चला आमच्याबरोबर. चढली नाही तर मी स्वतः ट्रकमध्ये बसते."

दादा गेले, कदाचित वाद संपवायला. डॉक्टर स्टिअरिंगवर, शेजारी दादा, मागे वहिनी आणि मी. पोलादपूर मागे पडलं, चढण लागली. इंजिनचा आवाज बारीक, एकसारखा. पहिलं वळण. दुसरं. मी हाताला लागलेलं तेल धोतराला पुसत देवाचं नाव घेत होतो. तिसरं वळण आलं, आणि मी चाकाखाली लावलेला तो धोंडा रस्त्याच्या कडेला तसाच पडलेला दिसला. डॉक्टर वेग वाढवून ते वळण पार करायच्या बेतात होते.

"अहो, इथे थांबवा," वहिनी म्हणाल्या.

"इथे? चढावर? गोदा, इथेच तर..."

"म्हणूनच. धावत आलेली गाडी कुणीही चढवेल. थांबवा."

मी म्हणालो, "वहिनी, नको हो! हातातला घास जाईल!" पण डॉक्टरांनी थांबवली. गाडी ऐन चढावर उभी. मला धोंडा उचलायला उतरायचं होतं, तर वहिनींनी माझी बाही धरली. "राहू दे तो. दुसऱ्या कुणाच्या गाडीला उपयोगी पडेल."

डॉक्टरांनी ब्रेक सोडला आणि उजवा पाय दाबला. गाडी बोटभरही मागे आली नाही. अलगद सुटली आणि चढाला लागली.

डॉक्टर ओरडले. शाळेतला पोरगा ओरडावा तसे! "गेली रे, गेली!" आणि हॉर्न दाबूनच धरला. वरच्या वाडीतली सोनबाची म्हातारी बांधावर येऊन हात हलवत उभी राहिली, "डाक्टर आलं! डाक्टर आलं!"  दादा चष्मा काढून पुसत राहिले. मी तर उघड उघड रडत होतो आणि हसत होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. आम्ही घाटमाथ्यापर्यंत गेलो, कुठेही न थांबता.

परत महाडला आलो तेव्हा उन्हं कलली होती. दादांनी कुणीही न सांगता ट्रकवर चढून स्वतःच्या हाताने पाटी खाली दिली. "शरद," ते म्हणाले, "पुण्याला दिवाळीला येत जा. गाडीनेच या."

मी स्टूल आणलं आणि खिशात हात घातला. वहिनी पायरीवर उभ्या होत्या, हातांना अजून लाल तेल लागलेलं.

"महिपती, किती स्क्रू काढले होते?"

"चार, वहिनी."

"मग जेवढे काढले तेवढेच घाला हं. पुस्तक बघू नका."

आळीभर हशा झाला, सगळ्यात मोठ्याने डॉक्टर हसले. मी तळहातावर स्क्रू मोजून घेतले, चार होते. मग स्टुलावर चढलो आणि चारही घट्ट आवळले.