वरच्या थराचं वजन

घाटकोपरच्या गंधाली परबला पंधरावं लागलं होतं आणि वजन होतं त्रेचाळीस किलो. पोरगी म्हणजे नुसती काडी, पण तिला आरशात म्हैस दिसायची. कारण एवढंच, की गोविंदा पथकाचा गेल्या वर्षीचा टी-शर्ट यंदा काखेत काचायला लागला होता. उंची दोन बोटं वाढली, खांदे जरा रुंदावले. वाढत्या वयात माणूस वाढणार नाही तर काय आटणार? पण हे तिला सांगणार कोण!

मुलींच्या त्या पथकात सहाव्या थरावर चढून हंडी फोडायचा मान गेल्या वर्षी तिला मिळाला होता. तेव्हापासून वस्तीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे 'वरची' म्हणायचे. ती जागा गेली तर आपण कोण, या विचाराने तिच्या जिवाला घोर लागला.

मग सुरू झाली धावाधाव. इमारतीचे सात मजले सकाळी दहा वेळा वर-खाली, तेही पाऊस नसताना बापाचा रेनकोट घालून, घाम निघावा म्हणून. दोरीच्या उड्या हजार. शाळेचा डबा मैत्रिणींच्या घशात. आईने, सुहासिनीने, पान वाढलं की "क्लासला खाल्लं गं आई" ही थाप ठरलेली. बसली तरी पाय हलवत बसायची. स्वस्थ बसलं की चरबी चढते, असं कुठल्याशा व्हिडिओत तिने पाहिलं होतं. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर ती दिवसातून दोनदा उभी राहायची. काटा एकोणचाळीसवर आला त्या दिवशी खुशीत तिने गच्चीवर जाऊन आणखी दोनशे उड्या मारल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तिने ते मनावर घेतलं नाही.

हंडीला तीन आठवडे उरले. रविवारी सकाळी मैदानात सराव होता. पथकाला शिकवणाऱ्या मालनताई मूळच्या मालवणच्या, जिभेने तिखट. थर लागले. हेल्मेट घालून, कमरेला दोर बांधून गंधाली भराभर चढली आणि पाचव्या थरातल्या मीराच्या खांद्यांवर उभी राहिली. हात वर केला मात्र, तिचे गुडघे लटपटायला लागले. ती थरथर मीराच्या खांद्यांतून खाली उतरत गेली. "ताई, हलतंय!" खालच्या मुली ओरडल्या. मालनताईंनी सगळ्यांना उतरवलं.

"अजून वजन जास्तच आहे ना माझं?" खाली येताच गंधालीने विचारलं. आवाज रडवेला झाला होता. "अजून दोन किलो कमी करते, ताई. एक आठवडा द्या फक्त."

मालनताईंनी तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

"खुळी काय गो तू? खालच्या पोरींका वजन पेलवता. थरथर पेलवणा नाय. कालपासून काय खाल्लंस?"

गंधालीने मनगट ओढून सोडवलं. मालनताई बाकीच्या मुलींकडे वळल्या.

"मीरा, तू चढ वर. अस्मिता, तू मीराच्या जागेवर."

मीरा सेहेचाळीस किलोंची. तो आकडा गंधालीला तोंडपाठ होता. आता सगळे कोसळणार, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर कोसळावेत असंही क्षणभर वाटलं. थर लागले. मीरा वर गेली, सरळ उभी राहिली, हात उंच केला. एकही खांदा हलला नाही.

खाली उभ्या गंधालीला रडू फुटलं. जागा गेली म्हणून तर फुटलंच, पण त्याहून जास्त फुटलं ते दोन महिन्यांच्या भुकेने. आईने वाढलेली आणि आपण टाळलेली सगळी पानं तिला एकदम आठवली.

तिने डोळे पुसले आणि हेल्मेट काढून मालनताईंच्या हातात दिलं.

"ताई, घरी जाऊन येते," ती म्हणाली. "जेवून येते."